फिरती बाटली आणि जिवाणूचं विरजण



मागच्या रविवारी सोप्यातल्या टेबलावरच्या काचेच्या भांड्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला होता. आत पाण्याचा भोवरा फिरतोय, मोटर दिसत नाही, हात दिसत नाही. तेव्हापासून फोनच फोन. कुणी विचारलं दारू गाळता काय, कुणी विचारलं कसलं औषध आहे, आणि एका पाव्हण्यानं तर ही करणी-बिरणी नाही ना, असंही विचारून घेतलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. थोडं लांबणार आहे.

त्या यंत्राला मॅग्नेटिक स्टरर म्हणतात. आपण ढवळणी म्हणू. खाली डब्यात लोहचुंबक फिरतो, वर भांड्यात टेफ्लॉन चढवलेली बोटाच्या पेराएवढी लोखंडी कांडी असते, ती त्याच्यासंगं फिरते. प्रयोगशाळेत ही वस्तू जुनी आहे. आर्थर रोझिंगर नावाच्या माणसाला अमेरिकेत १९४४ साली तिचं पेटंट मिळालेलं. मी केलेली मात्र भंगारातली आहे.

कल्पना माझी नाही, भाच्याची. तो अमेरिकेत ओरेगन राज्यात असतो, हौसेनं घरी बिअर करतो. तिकडं ते कायद्यानं चालतं. जिमी कार्टर अध्यक्ष असताना १९७८ साली त्यांनी त्या कायद्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक झाली. एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या वर, आणि घरात दोन मोठी माणसं असली तर २००. विकायची मात्र नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी केली तर गुन्हा. त्यामुळं आमच्या भांड्यात दारू नाही, हे पहिलं लिहून ठेवतो म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

भाचा बिअरसाठी यीस्ट विकत आणतो. तिकडं द्रवरूप यीस्टची पाकिटं मिळतात. कारखान्यातून दुकानात, दुकानातून घरात येईपर्यंत आठवडे जातात, तोवर त्यातलं निम्मं-अर्धं मेलेलं असू शकतं. म्हणून हे लोक पाकीट थेट वीस लिटर मालात ओतत नाहीत. आदल्या दिवशी लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्टची पावडर उकळून, गार करून त्यात यीस्ट टाकतात आणि भांडं ढवळणीवर चढवतात. चोवीस ते छत्तीस तासांत यीस्ट वाढतं, मग ते मोठ्या मालात. त्याला ते स्टार्टर म्हणतात. आपलं विरजणच की ते, फक्त आपण दुधाला लावतो.

भाचा फोनवर एक वाक्य बोलला ते डोक्यात बसलं. म्हणाला, "मामा, वाढतं हे तर आहेच, पण माझा खरा फायदा वेगळा. यीस्ट मेलेलं असलं तर लिटरभरातच कळतं, वीस लिटर वाया जात नाही."

मी ऊस करणारा माणूस, वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. मला या वाक्याचं काय, ते सांगतो.

ऊसलागणीला आपण अ‍ॅसेटोबॅक्टर वापरतो. शिफारस बहुतेकांना पाठ आहे: १०० लिटर पाण्यात १० किलो अ‍ॅसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारा जिवाणू, त्यात टिपरी अर्धा तास बुडवायची, मग लागण. कीड-बुरशीच्या औषधाची बुडवणी त्याच्या आधी आणि वेगळ्या पाण्यात. एवढं केलं की नत्र पन्नास टक्के आणि स्फुरद पंचवीस टक्के कमी द्यायचं. हा जिवाणू ब्राझीलमधल्या उसात सापडला, १९८८ साली जगासमोर आला, आणि तो मातीपेक्षा उसाच्या पोटात राहतो. हवेतला नत्र धरतो. गोडाची त्याला इतकी सवय, की दहा टक्के साखरेच्या पाण्यात तो मजेत वाढतो.

आता हिशोब बघा. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी ३४० किलो नत्र. एकरी झालं १३६ किलो. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर जवळजवळ २९६ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची साडेसहा पोती. निम्मं कमी करायचं म्हणजे एकरी सव्वातीन पोती कमी. पोतं २६६ रुपये ५० पैशाला, म्हणजे वाचले किती, तर एकरी साडेआठशेच्या आसपास. अनुदानामुळं युरिया स्वस्त आहे, त्यामुळं वाचवलेले पैसे डोळ्यात भरत नाहीत. पण उलट बाजू बघा. बाटलीतला जिवाणू मेलेला असला आणि मी विश्वासानं निम्मा युरिया बंद केला, तर ऊस उपाशी राहणार. एकरी चार-पाच टन जरी घटला तरी किती रुपये गेले ते तुम्हीच गुणा. म्हणून आमच्या गावात काय होतं? लोक जिवाणू बी लावतात आणि युरिया बी पुरता देतात. विचारलं तर म्हणतात, असू दे, बाटलीचा काय भरवसा. म्हणजे बाटलीचा खर्च झाला, युरियाचा बी झाला, आणि जमिनीत जायचं ते गेलंच.

द्रवरूप जिवाणू खतात एका मिलीलीटरला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत असा खत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. २५० मिलीची बाटली घेतली तर अडीच हजार कोटी झाले. बाटलीवर छापलेलं असतं सगळं. पण बाटली दुकानात पश्चिमेच्या उन्हात दोन महिने उभी असली तर छापलेला आकडा काही कमी होत नाही. आतलं कमी होतं, ते दिसत नाही. गेल्या हंगामात माझ्या एका पट्ट्यात ऊस तीन महिन्यांचा असताना फिका पडला. पाणी सारखं, माती सारखी, बेणं एकाच मळ्यातलं. युरिया टाकला, हिरवा झाला. जिवाणू होता की नव्हता, हे सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. भाच्याचं वाक्य डोक्यात बसलं ते यामुळं.

ढवळायचं कशाला, नुसतं ठेवलं तर वाढत नाही काय, हा प्रश्न रास्त आहे. यीस्टचं बघायचं तर ते ढवळलं की तळाला बसत नाही, सगळीकडं गोड पाणी मिळतं, त्यानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हवा आत येते. हवा दिली की यीस्टचं अंग वाढतं आणि दारू कमी होते, हे लुई पाश्चरनं दीडशे वर्षांपूर्वीच दाखवलेलं. तरी यीस्ट हवेवाचून जगतं. आपला अ‍ॅसेटोबॅक्टर आणि अ‍ॅझोटोबॅक्टर मात्र जगत नाहीत, त्यांना हवा पाहिजेच. आणि पाण्यात हवा असते किती? तीस अंशाला लिटरभर पाण्यात प्राणवायू साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांना हे सांगायला नको. ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे तोंड वर काढतात, तेव्हा आपण धावत जाऊन एरिएटर चालू करतो. जिवाणूला तोंड वर काढता येत नाही एवढाच फरक. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये सकाळ-संध्याकाळ काठी फिरवली की तेवढ्यापुरती हवा जाते, मधले बारा तास तळाला काय चाललंय देव जाणे. जीवामृताला ते चालतं, ती शेण-गोमूत्रातल्या नाना जातींची जत्राच आहे, मी स्वतः करतो. एकाच जातीचा जिवाणू वाढवायचा असेल तर मात्र ड्रम आणि काठीनं होत नाही, असं माझं मत.

आता यंत्र. फोनवर सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या कॉम्प्युटरचा बारा व्होल्टचा फॅन घ्या. दुरुस्तीच्या दुकानात भंगारात पडलेले असतात, मला दोन फुकट मिळाले. तिथंच बिघडलेली हार्ड डिस्क मागा. ती उघडली की आत अर्धचंद्रासारखा लोहचुंबक निघतो, बोट सापडलं तर रक्त काढेल एवढा जोरकस. त्याच्या एकाच तोंडावर दोन्ही ध्रुव असतात, त्यामुळं एकच पुरतो. तो नाही मिळाला तर दोन गोल चकत्या घ्यायच्या, एकीचं उत्तर तोंड वर, दुसरीचं दक्षिण तोंड वर. दोन्ही सारख्या वर ठेवल्या तर कांडी नीट धरत नाही.

फॅनचा फिरणारा गड्डा वर येईल असा फॅन ठेवायचा. गड्ड्यावर आधी लोखंडी वायसर चिकटवायचा, त्यावर चुंबक. वायसरमुळं चुंबकाचा ओढा खालच्या मोटरीला त्रास देत नाही. चुंबक बरोबर मध्यावर बसला पाहिजे, सूतभर सरकला तरी डबा थरथरतो. मी लगेच अरल्डाईट लावलं नाही. नुसता ठेवून, फॅन हळू फिरवून, सरकवत सरकवत मध्य सापडला तेव्हा खूण केली आणि मग चिकटवला. रात्रभर वाळू दिला.

डबा म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातला आठ बाय दहाचा लाकडी स्विचबोर्ड घेतला. वर सनमायकाचं झाकण असतंच. झाकण पत्र्याचं नको, चुंबक त्यालाच चिकटायला बघतो. फॅन चार नटबोल्टवर उभा केला, म्हणजे नट फिरवून वर-खाली करता येतो. चुंबक आणि झाकण यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. जास्त झाली तर कांडी ऐकत नाही, आणि घासलं तर फॅन थांबतो.

वेग कमी-जास्त करायला बॅटरीच्या फवारणी पंपाचा जुना रेग्युलेटर जोडला. वीज पण त्याच पंपाच्या बॅटरीची, बारा व्होल्ट आठ अँपिअर. फॅन खातो किती? दोन वॅटच्या आसपास. दोन दिवस अखंड चालला तरी युनिटचा दहावा भाग. बॅटरी भरलेली असली तर दीड दिवस सहज ओढते, लोडशेडिंगची फिकीर नाही. फवारणी आणि ढवळणी एका दिवशी आली तर पंपाचा मान पहिला.

कांडी मात्र विकत घ्या. खिळा प्लास्टिकच्या नळीत घालून टोकं वितळवायचा जुगाड लोक करतात, पण कुकरमध्ये उकळल्यावर ती नळी टिकंल याचा भरवसा नाही, आणि पाणी आत गेलं की गंज. सांगलीत प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून टेफ्लॉनची एक इंचाची आणली. भांडंही तिथलंच, लिटरचा शंकूसारखा बोरोसिलिकेट काचेचा फ्लास्क. लोणच्याच्या बरणीचा बूड मध्ये वर आलेला असतो, त्यावर कांडी घसरून कडेला जाते आणि टकटक वाजत बसते. सपाट बूडच पाहिजे. फॅन चालू करताना एकदम जोरात सोडायचा नाही, कांडी उडते. हळू चालू करून वाढवायचा. भोवरा तळापर्यंत जायची गरज नाही, वर वाटीएवढा खळगा दिसला की पुरे. मला दोन ढवळण्या मिळून हजार रुपयांच्या आतच पडल्या, आणि त्यातले जास्त पैसे काचेला गेले.

पहिली चाचणी बेकरीच्या यीस्टवर घेतली, कारण ते डोळ्याला दिसतं. दोन फ्लास्क, दोन्हीत अर्धा लिटर पाणी, ५० ग्रॅम साखर, आणि चिमूटभर यीस्ट उकळून. उकळलेलं यीस्ट मरतं, पण ते जिवंताचं खाद्य होतं. प्रयोगशाळेतसुद्धा जिवाणूच्या खाण्यात यीस्टचा अर्क घालतात. मग दोन्हीत सारखं जिवंत यीस्ट टाकलं. एक फ्लास्क ढवळणीवर, एक तसाच शेजारी. चोवीस तासांनी दोन्ही फ्रिजमध्ये ठेवले, सकाळी तळाला थर बसला. बाहेरून पट्टी लावून मोजला. फिरत्यातला थर दुपटीच्या आसपास जाड. वरचं पाणी मोरीत ओतलं, तळातल्या थरानं सौभाग्यवतींनी पीठ फुगवून पाव केले. पाव बरे झाले. ती म्हणाली, "एवढ्यासाठी माझा कुकर दोन दिवस अडकवला होय?"

कुकरचं सांगायचं राहिलं. यंत्र सोपं आहे, स्वच्छता अवघड. फ्लास्कमध्ये पाणी, साखर, यीस्टची चिमूट आणि कांडी सगळं आत घालायचं, तोंडाला कापसाचं घट्ट बूच, वर कागद बांधायचा, आणि कुकरला शिट्टी आल्यावर बारीक गॅसवर वीस मिनिटं. नुसत्या उकळण्यानं काही जिवाणूंचं बीज मरत नाही, कुकरच्या दाबानं मरतं. कापसाच्या बुचातून हवा जाते, धूळ अडते. गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. जिवाणू टाकताना दार-खिडकी बंद, पंखा बंद, शेजारी स्पिरिटचा दिवा पेटवून, बूच हातातच धरून, दोन सेकंदांत काम उरकायचं. गोठ्यातून आलेल्या हातानं तर नकोच.

आता खरी परीक्षा. यंदा अ‍ॅसेटोबॅक्टरच्या दोन ठिकाणच्या बाटल्या आणल्या. एक संशोधन संस्थेतून, एक तालुक्याच्या दुकानातून. दुकानाचं नाव लिहीत नाही, विचारू पण नका. दोन्हींची मुदत पुढच्या वर्षापर्यंत होती. आमच्या शेजारच्याची पुतणी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, तिनं पद्धत सांगितली. म्हणाली, "काका, एका ढवळणीवर बाटलीतला जिवाणू टाकलेला फ्लास्क ठेवा, दुसऱ्यावर काहीच न टाकलेला. तो पण तेवढाच वेळ उघडा, तेवढाच फिरवा. तो जर गढूळ झाला तर तुमची स्वच्छता कच्ची, मग कुठल्याच बाटलीबद्दल बोलू नका." मला पटलं. त्या रिकाम्या फ्लास्कला मी मुका फ्लास्क म्हणतो.

चाचणीला गूळ घ्यायचा नाही, साखर घ्यायची. गुळाचं पाणी मुळातच तांबडं-गढूळ, त्यात वाढलेलं दिसत नाही. (वाढवायला मात्र मी काकवी घेतो. पिवळाधमक गूळ नको, तो पांढरा करायला हायड्रॉस मारतात, त्यातला गंधक जिवाणूला कशाला पाजायचा?) अर्ध्या लिटरला बाटलीतलं पाच मिली टाकलं. शंभर पटीनं पातळ झालं, त्यामुळं सुरुवातीला पाणी जवळजवळ नितळ दिसतं. मागं वर्तमानपत्र धरायचं आणि फ्लास्कमधून अक्षर वाचायचं. वाचता येतंय तोवर वाढ नाही. फॅन बंद करून बघायचं, भोवऱ्यात काय वाचणार.

संस्थेची बाटली पहिल्यांदा लावली. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्षरं धुरकट. तिसऱ्या दिवशी सकाळी ठळक मथळासुद्धा दिसेना. आंबूस वास, आणि रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवली तर आंबटपणा चढलेला. हा जिवाणू साखरेतून आम्ल करतो, तसंच झालं. मुका फ्लास्क नितळ. मग सगळं परत धुऊन, कुकरमधून काढून दुकानाची बाटली लावली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मुक्या फ्लास्कमधून जेवढं वाचता येत होतं तेवढंच त्यातून. म्हटलं एखादी बाटली तशी असेल, त्याच लॉटची दुसरी आणली. ती पण तशीच, बाजारभाव वाचत बसलो तिच्यातून.

दुकानदाराला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "वरून येतं तसं आम्ही देतो, फ्रिज कुठं ठेवू?" पैसे परत दिले. बाटल्या अजून त्याच फळीवर आहेत.

पोरीनं गढूळ झालेल्यातला थेंब कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. दांडीसारखे बारीक जिवाणू, यीस्ट नाही, बुरशीचे धागे नाहीत. मी खूष झालो तर तिनं लगेच लगाम घातला. "काका, दांडीसारखे दिसणारे जिवाणू शेकड्यानं जातींचे असतात. गढूळ झालं म्हणजे काहीतरी जिवंत आहे एवढंच. तेच आहे का, ते यावरून नाही कळत." म्हणजे बाटली मेलेली असली तर आपल्याला कळतं. जिवंत असली तर अर्धंच कळतं, उरलेल्या अर्ध्यासाठी संस्थेवर विश्वास ठेवावा लागतो. मला हे अर्धं सुद्धा पुष्कळ वाटतं. आजवर शून्य होतं.

काहींनी विचारलं की मग एक बाटली आणून घरीच वर्षानुवर्षं वाढवत राहायचं काय? नको. उसाच्या बेण्याचंच बघा. बेणेमळ्यात मूलभूत बेणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, आणि तीन-चार वर्षांनी परत नवीन आणायचं. बेणं जुनं झालं की उगवण घटते, रोग साचतात. जिवाणूचं तसंच, फक्त वर्षांच्या जागी दिवस. प्रत्येक वेळी बूच उघडलं की थोडा पाहुणा आत शिरतो, आणि दोन-तीन पिढ्यांत पाहुणाच घरमालक होतो. मी एका बाटलीतून एकदाच, फार तर दोनदा वाढवतो, दर वेळी दहा पटीच्या वर नाही. पन्नास मिलीचं अर्धा लिटर, अर्ध्या लिटरचे पाच लिटर. पाच लिटरला ढवळणी पुरत नाही, तिथं माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावतो, हवेच्या नळीत कापूस भरून. आणि खरं सांगायचं तर बाटली काही फार महाग नाही. वाढवून पैसे वाचवायचे म्हणून हे करू नका. तपासण्यासाठी करा.

ट्रायकोडर्मासाठी पण हे यंत्र नको. ती बुरशी आहे, धागे सुटतात, कांडीला सुतासारखे गुंडाळतात आणि गोळे होतात. ट्रायकोडर्माला शिजवलेली ज्वारीच बरी.

फॅनची थोडी ऊब वर येते, फ्लास्क दोन-तीन अंशांनी गरम होतो. सध्याच्या थंडीत ते बरंच आहे, या जिवाणूला तीस अंश मानवतात. उन्हाळ्यात खाली ओलं फडकं ठेवावं लागेल.

यंदाचं ठरलंय ते असं. तीन एकर पूर्वहंगामी. संस्थेच्या बाटल्यांवर लागण. नत्र एकदम निम्मं कमी करणार नाही, पहिल्या वर्षी चौथा हिस्सा कमी. युरियाचे हप्ते नेहमीसारखे: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा, मोठ्या बांधणीला चाळीस. आणि मधल्या दहा सऱ्यांना जिवाणू अजिबात लावायचा नाही, युरिया मात्र तेवढाच कमी. त्या माझ्या मुक्या सऱ्या. थोरल्याला हे पटलेलं नाही, तो म्हणतो दहा सऱ्यांचं नुकसान कशाला. मी म्हटलं त्या सऱ्या माझ्या नावावर लिही.

बेणं शुक्रवारी तोडायचं आहे. दहा सऱ्यांच्या दोन्ही टोकांना चुना लावलेले बांबू काल रोवून आलोय. फोटो दर महिन्याला टाकीन, दोन्हीकडचे.